दोन कोटी विहिरींचा ताळेबंद

पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट असते. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सात नावे, सात आकडे आणि खाली एक टक्केवारी. जून सरत आला तरी ती टक्केवारी एक आकडीच राहिली, तर अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या फलकांवर पाणीकपातीच्या सूचना लागतात. सातही तलाव काठोकाठ भरले की त्यांत १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी मावते. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. उपनगरांच्या कुशीतले विहार आणि तुळशी मिळून जेमतेम अडीच टक्के.

हा साठा मुंबईकराच्या ओळखीचा आहे, म्हणून या लेखापुरते तेच माप घेऊ. एक ‘सात तलाव’ म्हणजे साधारण १.४५ अब्ज घनमीटर पाणी. महापालिका शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी देते, म्हणजे एक सात तलाव सव्वा कोटी माणसांना वर्षभर पुरून वर दहा दिवस उरते. धरणे, बोगदे, भांडुपचा शुद्धीकरण प्रकल्प, शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिन्या हा सगळा खटाटोप या एका मापासाठी.

आता हेच माप घेऊन जमिनीखाली उतरू.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या मूल्यांकनानुसार भारत वर्षाला २४५.६४ अब्ज घनमीटर भूजल उपसतो. म्हणजे १७० सात तलाव. मुंबईचे सगळे तलाव पूर्ण भरलेले आहेत असे धरले, तर देशभरातले पंप दर दोन दिवसांना एकदा ते कोरडे करतात आणि वर्षभर थांबत नाहीत. सेकंदाच्या हिशोबाने मुंबईला साडेचव्वेचाळीस हजार लिटर पाणी लागते, तर देशाच्या जमिनीतून सेकंदाला सुमारे ७८ लाख लिटर वर येते. त्यातले ८७ टक्के शेतीला जाते. जगात जेवढे भूजल उपसले जाते त्याचा साधारण चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो. अमेरिका आणि चीन यांची बेरीज केली तरी ती भारतापेक्षा कमी भरते.

यातले बरेचसे पाणी पावसाळ्यात परत मुरते, म्हणून देश चालला आहे. जे मुरत नाही त्याची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे की-वॉन सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गणित मांडले. १९९३ ते २०१० या काळात जगाने सुमारे २,१५० अब्ज टन भूजल कायमचे वर काढले आणि ते अखेर समुद्रात गेले. हे झाले जवळजवळ १,५०० सात तलाव. वजनाची एवढी हलवाहलव झाल्याने पृथ्वीच्या फिरण्याचा अक्ष सुमारे ८० सेंटीमीटर सरकला, असा त्यांचा निष्कर्ष. या सरकण्यात ज्या दोन प्रदेशांचा वाटा सर्वात मोठा निघाला, त्यातला एक उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग आणि दुसरा वायव्य भारत. पंजाब-हरियाणाच्या भातखाचरांसाठी चालवलेल्या मोटरींची नोंद पृथ्वीच्या आसात उमटली.

दरवाजे कोणाच्या हातात?

धरणाचे पाणी सोडायचे तर दरवाजे उघडावे लागतात. भातसाचे दरवाजे कधी उघडायचे हे ठरवणारी कचेरी एक, आदेश एक, नोंदवही एक. भूजलाला किती दरवाजे आहेत? लघुसिंचनाच्या सहाव्या गणनेत देशभरात २ कोटी ३१ लाखांवर योजना मोजल्या गेल्या आणि त्यांपैकी २ कोटी १९ लाख भूजलावरच्या निघाल्या. साध्या विहिरी, कूपनलिका, बोअर. विहिरींच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला. ही सगळी भोके सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजायची म्हटली तर २५४ दिवस लागतील. आणि ही फक्त सिंचनाची मोजदाद. सोसायट्यांचे, हॉटेलांचे, कारखान्यांचे बोअर तिच्यात नाहीत.

या प्रत्येक भोकाला मालक आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली रीत अशी की जमीन ज्याची, तिच्या खालचे पाणी त्याचे. पाणी मात्र सातबारा वाचत नाही. शेजाऱ्याने बोअर शंभर फूट खाली नेला की आपल्या विहिरीचा तळ दिसायला लागतो, मग आपण दीडशे फूट जातो, मग तो दोनशे. दोघांचेही पैसे जातात आणि दोघांच्याही खालचे पाणी एकच असते.

म्हणजे अडचण पाण्याच्या आकाराची कमी आणि हातांच्या संख्येची जास्त आहे. दोन कोटी दरवाजांवर दोन कोटी पहारेकरी कोणतेही सरकार नेमू शकत नाही.

गिल्बर्ट हिलच्या पोटात

महाराष्ट्रात या अडचणीला खडकाची जोड आहे आणि तो खडक बघायला लांब जावे लागत नाही. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभा आहे. सुमारे ६१ मीटर उंच, उभ्या षट्कोनी खांबांची जुडी बांधावी तसा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्या काळातला हा बेसाल्ट. आज तो उघडा पडला आहे म्हणून त्याच्या खांबांमधल्या फटी डोळ्यांना दिसतात. महाराष्ट्राचे भूजल राहते ते अशाच फटींत, सांध्यांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग या काळ्या कातळाचा आहे.

गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत पाणी भरपूर मावते. बेसाल्टची गत वेगळी. पाण्याने भरलेला १०० लिटर खडक पंपाला साधारण एक ते तीन लिटर देतो, बाकी दगडच. त्यामुळे आपली विहीर पावसात झपाट्याने भरते आणि उन्हाळ्यात तितक्याच झपाट्याने आटते. एक चौरस किलोमीटर जागेत पाण्याची पातळी पाच मीटरने वर आली, म्हणजे गावात पेढे वाटावेत अशी घटना घडली, तरी दोन टक्क्यांच्या हिशोबाने साठा वाढतो १० कोटी लिटरचा. मुंबईला तो ४० मिनिटेही पुरणार नाही.

हाच कंजूष खडक अख्ख्या राज्याखाली पसरलेला धरून बघा. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. सगळीकडे पातळी फक्त एक मीटरने वाढली, तर त्याच दोन टक्क्यांनी ६ अब्ज घनमीटरांहून अधिक पाणी जमा होते. म्हणजे चार सात तलाव भरून वर थोडे. त्यासाठी एक एकर जमीन बुडवावी लागत नाही, एका गावाचे पुनर्वसन करावे लागत नाही, बाष्पीभवनात फारसे काही जात नाही. जागा नगण्य वाटावी इतकी थोडी, पण ती सगळीकडे आहे. भूजलाचा सगळा चमत्कार या ‘सगळीकडे’मध्ये आहे आणि सगळी डोकेदुखीही.

महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने खोल विहिरीची व्याख्या केली आहे ती ६० मीटरांहून जास्त खोलीची, आणि अधिसूचित क्षेत्रात अशी विहीर घेण्याला मनाई आहे. अंधेरीकरांना ही खोली समजायला सोपी आहे. गिल्बर्ट हिल उलटा करून जमिनीत रोवला की कायद्याची मर्यादा येते. मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडे बोअर त्याच्या दुप्पट-तिप्पट खाली गेलेले आहेत. तिथे जे पाणी लागते ते एका पावसाळ्यात परत भरून येणारे नसते.

हिशोब कोलमडला की काय होते ते १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरने पाहिले. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावून पाण्याची रेल्वेगाडी शहरात पोहोचली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. देशभर तिची छायाचित्रे झळकली. ती पन्नास वाघिणींची गाडी मुंबईला मिळाली असती, तर ५६ सेकंदांत संपली असती. रेल्वेने पाणी आणता येते, पण आटलेला जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर, रेल्वेने भरता येत नाही.

आठ हजार ग्रामपंचायती, एक प्रयोग

२५ डिसेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अटल भूजल योजना जाहीर केली. रक्कम ६,००० कोटी रुपये, निम्मी केंद्राची आणि निम्मी जागतिक बँकेच्या कर्जाची. गुजरात, हरियाणा, कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशी सात राज्ये, ८० जिल्हे, सुमारे ८,२०० ग्रामपंचायती. महाराष्ट्राच्या वाट्याला १३ जिल्हे, ४३ तालुके, १,१३३ ग्रामपंचायती आणि १,४४३ गावे आली. राज्यात हे काम आले भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, म्हणजे १९७१ पासून पुण्यातून विहिरींची नाडी पाहणाऱ्या खात्याकडे.

सहा हजार कोटी हा आकडा मोठा वाटतो, पण पंचायतींच्या संख्येने भागला तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ७३ लाख रुपये येतात, तेही अनेक वर्षांत मिळून. अंधेरीत एवढ्यात धड वन-बीएचके मिळत नाही. मग या पैशांत गाव करणार काय?

या योजनेचे वेगळेपण इथे आहे. तिच्या केंद्रस्थानी धरण नाही, कालवा नाही, मोठे यंत्रही नाही. पर्जन्यमापक, पाणीपातळी मोजायची फीत, पाणी मोजणारे मीटर, निरीक्षण विहीर आणि ग्रामसभा, एवढेच. गावकऱ्यांनी किती पाऊस पडला आणि विहिरीत पाणी कुठवर आले हे स्वतः मोजायचे, आकडे सगळ्यांना दिसतील असे भिंतीवर लिहायचे, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून गावाचा जलसुरक्षा आराखडा करायचा. या प्रक्रियेत किमान ३३ टक्के महिला हव्यात. ६,००० कोटींपैकी ४,६०० कोटी प्रोत्साहनासाठी राखून ठेवले होते. आकडे जाहीर केले, आराखडा केला, पाणी वाचवणारी पद्धत आणली, पातळीची घसरण मंदावली, अशा टप्प्यांवर ते मिळायचे. सरकारने खर्चाऐवजी निकालाला पैसे लावले.

गावाने स्वतः मोजण्याची गरज का पडली? भूजल यंत्रणेच्या राज्यभरातल्या निरीक्षण विहिरी सुमारे ३,९०० आहेत. संख्या कमी नाही, पण क्षेत्रफळाने भागली तर ७९ चौरस किलोमीटरांना एक विहीर पडते. या प्रमाणात मुंबई उपनगर जिल्ह्याच्या वाट्याला सहासुद्धा येत नाहीत. वर्षातून चारदा अधिकाऱ्याने येऊन घेतलेली नोंद राज्याच्या अहवालाला पुरते. माझ्या शिवारात यंदा गहू घेऊ की हरभरा, हे त्या नोंदीवरून ठरत नाही.

ताळेबंदाची खरी ताकद तो मांडताना कळते. १,५०० वस्तीचे गाव घेऊ. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर गावाला वर्षभर प्यायला-वापरायला तीन कोटी लिटर पाणी लागते. आता ऊस. पाटाने पाणी देऊन एक एकर उसाला हंगामात दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर ते भरते सुमारे ८१ लाख लिटर. म्हणजे पावणेचार एकर ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यात अख्खे गाव वर्ष काढते. हरभऱ्याला एकरी १२ लाख लिटर पुरतात. एका एकर उसाच्या पाण्यात पावणेसात एकर हरभरा उभा राहतो. हा आकडा अहवालात छापून आला तर कुणी वाचत नाही. तोच ग्रामसभेत खडूने फळ्यावर लिहिला की ऊस कुणाचा आणि कोरडी विहीर कुणाची हे न बोलताही सगळ्यांना दिसते.

आता योजनेतल्या १,१३३ ग्रामपंचायतींचे एक काल्पनिक गणित करू. समजा प्रत्येकीने फक्त दहा एकर ऊस ठिबकवर नेला आणि त्याने ४० टक्के पाणी वाचले. एका गावात ते वाचणे डोळ्यांत भरणार नाही. बेरीज मात्र होते ३६,६०० दशलक्ष लिटरांहून अधिक. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव काठोकाठ भरल्यावर त्यांत ३५,७४४ दशलक्ष लिटर मावतात. म्हणजे गावागणिक दहा एकरांत दोन तलाव लपलेले आहेत.

महाराष्ट्राला ही कल्पना दिल्लीने शिकवलेली नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात हाच विचार भूजलापर्यंत नेला. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, पावसाळा संपला की पाऊस मोजून ग्रामसभेत रब्बीची पिके ठरवायची.

हिवरे बाजारचे शिवार सुमारे ९७७ हेक्टर आणि पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींचा गुणाकार येतो साधारण ३,९०० दशलक्ष लिटर. या गावावर वर्षभर आभाळातून पडणारे सगळे पाणी, बाष्प होऊन उडणारे आणि ओढ्याने वाहून जाणारेही धरून, मुंबईला एक दिवस पुरेल एवढे आहे. त्यातून जे मुरते त्यावर त्या गावाने शेती, गुरे आणि दूध उभे केले. पाऊस वाढला नाही, हिशोब सुरू झाला.

आणि सहापट पाऊस पडणारी उपनगरे

मुंबई उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ल्यात येतात. अटल भूजल योजनेत यांतला एकही नाही, असणारही नाही. योजना ग्रामपंचायतींची आहे आणि इथे ग्रामपंचायत उरलेली नाही. पण आकडे इथले जास्त चक्रावणारे आहेत.

सांताक्रूझ वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, हिवरे बाजारच्या जवळजवळ सहापट. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४४६ चौरस किलोमीटर. दोन्ही गुणले की येतात सुमारे १०.२५ लाख दशलक्ष लिटर. सातही तलावांच्या साठ्याच्या सत्तर टक्के पाणी या उपनगरांच्या डोक्यावर दरवर्षी कोसळते. मुंबईच्या ते २६६ दिवस उपयोगी पडेल एवढे आहे. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. हजार चौरस मीटरच्या एखाद्या सोसायटीच्या आवारावर त्या एका दिवसात साडेनऊ लाख लिटर पाणी पडले, दहा हजार लिटरचे ९४ टँकर.

या पाण्याचे आपण काय करतो? समुद्रात ढकलतो, आणि त्यासाठी वीज खर्च करतो. भरतीच्या वेळी तुंबलेले पाणी बाहेर फेकायला जुहूजवळ इर्ला, सांताक्रूझजवळ गझदरबंध अशी उदंचन केंद्रे उभारली आहेत. त्यातला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. असे आठ पंप एकाच वेळी चालले की अख्ख्या मुंबईला सात तलावांतून येणाऱ्या प्रवाहापेक्षा जास्त पाणी अरबी समुद्रात जाते. पंप हवेतच, नाहीतर घरे बुडतील. पण मे महिन्यात ज्या गल्लीत टँकर उभा असतो, जुलैत त्याच गल्लीचे पाणी फेकायला मोटर लागते, हे एकाच वर्षाच्या ताळेबंदातले दोन रकाने आहेत आणि ते कुणी शेजारी शेजारी लिहीत नाही.

बोरिवलीच्या जंगलात ते लिहिले गेले होते. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात कोरलेले पाण्याचे टाके आहे. वरच्या कातळावर पडणारे पाणी चरांनी टाक्यांत उतरते. ही टाकी राजांनी एका फर्मानाने खोदवली नाहीत. शिलालेखांत दात्यांची नावे आहेत आणि त्यांत कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार आहे, त्याने एक पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिले. व्यापारी, कारागीर, भिक्खू, भिक्खुणी असे अनेक हात मिळून एका डोंगराची पाणीव्यवस्था उभी राहिली. काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि जागा आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली.

महापालिकेने २००२ मध्ये हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संचय सक्तीचा केला, २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली आणि पुढे ती पुन्हा बदलली. नियम चांगला आहे, पण तो बांधकामाचा आहे. खड्डा खणला, खडी-वाळू भरली, दाखला मिळाला. त्या खड्ड्यातून यंदा किती पाणी खाली गेले आणि शेजारच्या बोअरने किती वर काढले, हे नियम विचारत नाही. टाकी बांधणे आणि पाणी सांभाळणे यांतले अंतर हेच आहे.

उपसा मात्र थांबत नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांच्या अंमलबजावणीवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा ऐन उन्हाळ्यात महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टँकर ताब्यात घेण्याची भाषा करावी लागली. संप चार-पाच दिवसांत मिटला. सात तलावांच्या चौकटीत न छापले जाणारे एक आठवे पाणी या शहराला लागते, हे तेवढ्या दिवसांत उघड झाले.

वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई या किनाऱ्याच्या पट्ट्यात या आठव्या पाण्याला आणखी एक आकडा चिकटलेला आहे: चाळीस. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून किनाऱ्याजवळ जमिनीखाली ते खाऱ्यावर तरंगते. गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी मांडलेला ठोकताळा सांगतो की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी उभे असेल, तर खाली ४० मीटरपर्यंत गोडेच असते. उलट बाजूने वाचला तर तो धडकी भरवतो. उपसून पातळी एक मीटर खाली नेली, तर तळातले खारे पाणी ४० मीटर वर सरकते. हे गणित वाळूसारख्या सच्छिद्र थरासाठीचे आहे. बेसाल्टच्या फटींत ते जसेच्या तसे लागू पडत नाही, पण दिशा तीच राहते. मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जातात.

समुद्राकाठच्या उपनगरांना गावासारखे एकत्र बसता येईल का? हे घडलेले आहे आणि त्यावर एक प्रबंध आहे. लॉस एंजेलिसलगतच्या ‘वेस्ट बेसिन’ या किनारी भागात विसाव्या शतकाच्या मध्यात शहरे, कारखाने, तेल कंपन्या आणि पाणीपुरवठा कंपन्या एकाच जलधरातून उपसत होत्या आणि समुद्र आत येत होता. कुणी एकाने उपसा कमी केला तर त्याचे पाणी शेजारी उपसणार, म्हणून कुणीच कमी करत नव्हते. १९४६ मध्ये त्यांनी संघटना काढली, कोण किती उपसतो याची माहिती सर्वांसमोर ठेवली, उपसा कमी करण्याचा करार न्यायालयापुढे नेला, पुनर्भरणासाठी उपशावर पट्टी लावून घेतली आणि किनाऱ्यालगत विहिरींची रांग खणून तिच्यात गोडे पाणी सोडून समुद्र थोपवला. १९६५ मध्ये यावर डॉक्टरेट मिळवणाऱ्या विद्यार्थिनीचे नाव एलिनॉर ऑस्ट्रॉम. सामायिक संपत्ती लोक आपापसांत नियम करून सांभाळू शकतात, हे सिद्ध करणाऱ्या पुढच्या कामासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्या विचाराची सुरुवात एका महानगराच्या उपनगरातल्या खारट होत चाललेल्या विहिरींपासून झाली होती.

अंधेरी-बोरिवलीत ग्रामसभा नसली तरी तिची सख्खी बहीण आहे. राज्यात लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत आणि सहकार कायद्यानुसार प्रत्येकीला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. हवामान खात्याचा पावसाळाही कागदोपत्री १ जूनला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरलाच संपतो. वर्षाचा पाऊस मोजून झाला आहे, विहीर भरलेली आहे आणि सगळे सभासद समोर बसलेले आहेत, असा मुहूर्त हिवरे बाजारलाही जुळवून आणावा लागतो. इथे तो कायद्यानेच दिला आहे.

त्या सभेपुढे ठेवायचे आकडे अवघे चार: यंदाचा पाऊस, विहिरीची किंवा बोअरची पातळी, वर्षभरात उपसलेले पाणी आणि मागवलेले टँकर. पन्नास घरांच्या सोसायटीची गच्ची ५०० चौरस मीटरची धरली आणि वीस टक्के पाणी वाया गेले असे मानले, तरी सव्वानऊ लाख लिटर हाताशी येतात. म्हणजे ९२ टँकर किंवा सगळ्या घरांचे महिनाभराचे पाणी. वर्षाच्या गरजेपुढे हे थोडेच आहे आणि बेसाल्ट ते सगळे धरूनही ठेवणार नाही. ऑगस्टपर्यंत फटी भरतात, मग वरचे पाणी नाल्याला लागते. म्हणून खड्ड्याइतकीच गरज आहे ती जानेवारीत पातळी कुठे आहे आणि मेपर्यंत रोज किती उपसायचे, हे ठरवण्याची.

दोन-चार वर्षे हे आकडे फलकावर लागले, की शेजारच्या सोसायटीचा बोअर आणि आपला बोअर एकाच पाण्यावर आहेत हे कळायला भूगर्भशास्त्रज्ञ लागणार नाही. तिथून पुढे दोन सोसायट्यांची, मग एका गल्लीची, मग ओशिवरा किंवा दहिसर नदीच्या एका पाणलोटाची एकत्र सभा घेता येते. विहार तलावासारखा साठा वाढवायचा तर जंगल बुडवावे लागेल. उपनगरांवर पडणाऱ्या पावसापैकी फक्त पाच टक्के पाणी हिशोबात आले, तर ते ५१ हजार दशलक्ष लिटर होते, विहार आणि तुळशीच्या एकत्रित साठ्याच्या जवळजवळ दीडपट. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, विषयपत्रिकेवर एक विषय वाढवावा लागतो.